जागा बदलली की आठवण हरवते का?

मानसशास्त्राचे कोणतेही प्राथमिक पाठ्यपुस्तक उघडा, स्मृतीच्या प्रकरणात पाणबुडे भेटणारच. डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी 1975 साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबान गावाजवळ त्यांनी 18 पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या, कधी काठावर, कधी सुमारे 20 फूट पाण्याखाली. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावर ऐकलेले काठावर. परिसराचा आठवणीशी संबंध असतो हे सांगताना गेली जवळपास पन्नास वर्षे याच प्रयोगाचा दाखला दिला जातो. 2021 साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील याप म्यूरे यांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा अपेक्षित फरक दिसला नाही.

पुनरावृत्ती एकदा फसली म्हणून सिद्धान्त मोडीत निघत नाही, आणि एक प्रयोग गाजला म्हणून तो सिद्धही होत नाही. मधल्या काळात या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांनी तान्ह्या बाळांपासून मद्यधुंद विद्यार्थ्यांपर्यंत आणि गुन्ह्यांच्या साक्षीदारांपासून प्रयोगशाळेतल्या उंदरांपर्यंत सगळ्यांना तपासले आहे. त्यातून उभे राहणारे चित्र पाठ्यपुस्तकातल्या चित्राइतके सुबक नाही, पण त्याहून रंजक आहे.

जुनी शंका

अनुभवांचे संस्कार मनात साठून राहतात, तर मग सगळ्या आठवणी एकाच वेळी का येत नाहीत? हा प्रश्न न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात विचारला गेला आहे. तिथले उत्तर असे की आठवण जागी करणारी निमित्ते एकाच वेळी हजर नसतात, म्हणून आठवणीही एकदम येत नाहीत. पुढे सूत्रकार या निमित्तांची लांबलचक यादीच देतात. एकाग्रता आणि अभ्यास तिच्यात आहेतच, शिवाय सादृश्य, संबंध, वियोग आहेत, आणि सुख, दुःख, भय, आसक्तीही आहेत. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार सुख किंवा दुःख झाले की त्याचे कारण आठवते, भीती वाटली की जिची भीती वाटते ती गोष्ट आठवते. बाहेरच्या खुणा आणि आतल्या भावना इथे एकाच यादीत बसल्या आहेत. विसाव्या शतकातल्या संशोधकांनी मात्र त्या बराच काळ वेगवेगळ्या खात्यांत ठेवल्या.

कालिदासाने ही गोष्ट नाटकातून दाखवली. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत व्याकुळ होतो, पण कशामुळे ते त्याला कळत नाही. शकुंतला आठवते ती पुढे अंगठी दिसल्यावर. नाटकात दोष दुर्वासांच्या शापाला जातो. तरी भाव जागा होणे वेगळे आणि प्रसंग आठवणे वेगळे, हा त्यातला बारकावा पुढे मनःस्थितीवरच्या वादात कामाला येतो.

युरोपात या विषयाची सुरुवात बहुधा जॉन लॉकच्या एका किश्शापासून सांगतात. मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या 1700 सालच्या आवृत्तीत त्याने एका तरुणाची हकीकत घातली. हा तरुण नृत्य शिकला त्या खोलीत एक जुनी पेटी होती. पुढे ती पेटी किंवा तशीच दुसरी एखादी पेटी खोलीत असेल तरच त्याला नीट नाचता येई. लॉकला ही गोष्ट विनोदी वाटली होती आणि ती खरीच आहे याची ग्वाहीही त्याला द्यावीशी वाटली होती.

पाण्याखालचे शब्द

बॅडली यांना हा विषय सुचला तो व्यवहारातून. मासेमारीच्या जाळ्यात सापडताना मासे कसे वागतात हे पाण्याखाली राहून पाहणाऱ्या पाणबुड्यांची एक तुकडी होती. वर आल्यावर त्यांना फारसे काही सांगता येत नसे, ही तिच्या प्रमुखाची तक्रार. तेव्हा दोष नजरेचा, थंडीचा की स्मृतीचा, हे पाहणे आले.

प्रत्येक यादीत एकमेकांशी संबंध नसलेले 36 शब्द होते. काठावर ऐकून काठावरच आठवले तेव्हा सरासरी 13.5 शब्द सांगता आले, पाण्यात ऐकून पाण्यातच आठवले तेव्हा 11.4. जागा बदलली की आकडा घसरला: काठावर ऐकून पाण्यात आठवताना 8.6, पाण्यात ऐकून काठावर आठवताना 8.4. या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. पाण्याखाली एकूण कामगिरी थोडी कमीच होती, म्हणजे पाणी स्मृतीला पोषक नव्हते. फरक पडला तो जागा जुळण्या-न जुळण्याने.

पाण्यातून वर येण्याच्या धावपळीनेच शब्द विसरले असतील, ही शंका साहजिक होती. म्हणून दुसऱ्या प्रयोगात काठावर शब्द ऐकलेल्यांपैकी काहींना मध्ये एक बुडी मारून परत यायला लावले. त्याने फरक पडला नाही. प्रयोगाची परिस्थिती मात्र प्रयोगशाळेच्या शिस्तीपासून दूरच होती. पाण्याखालच्या एका पाणबुड्यावरून सैन्याची जुनी उभयचर गाडी जाता जाता राहिली, ही नोंद मूळ शोधनिबंधातच आहे. इतक्या कमी माणसांवर, इतक्या बेभरवशाच्या हवामानात मिळालेला निष्कर्ष पुढे पाठ्यपुस्तकांचा लाडका का झाला, याचे एक कारण तो डोळ्यांसमोर चटकन उभा राहतो हेच असावे.

1980 मध्ये याच जोडीने आणखी एक प्रयोग केला. या वेळी शब्द आपणहून आठवायचे नव्हते, समोर ठेवलेल्या शब्दांतून आधी ऐकलेले ओळखायचे होते. परिसराचा परिणाम नाहीसा झाला. शब्दच समोर असेल तर पाण्याची किंवा काठाची मदत कशाला लागेल?

परीक्षेची खोली

विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या मनात हा विषय परीक्षेच्या रूपाने येतो. दहावी-बारावीच्या मुलांना अनेकदा स्वतःच्या शाळेऐवजी दुसरे केंद्र मिळते. तिथल्या परक्या वर्गात, परक्या बाकावर अभ्यास आठवेल का, ही धास्ती घरोघरी असते. संशोधनही या प्रश्नाकडे लवकरच वळले. 1940 साली एथेल ॲबरनेथी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा कधी नेहमीच्या वर्गात, कधी दुसऱ्या खोलीत, कधी नेहमीच्या शिक्षकासमोर, कधी नवख्या पर्यवेक्षकासमोर घेतल्या. ओळखीची खोली आणि ओळखीचे शिक्षक असताना गुण सर्वांत चांगले आले.

पुढची साक्ष उलटी आहे. 1985 मध्ये विल्यम सॉफ्ली आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या अनेक अभ्यासक्रमांचे खरे निकाल तपासले. व्याख्यान झाले त्याच सभागृहात परीक्षा दिलेले आणि दुसऱ्या खोलीत दिलेले विद्यार्थी यांच्यात पद्धतशीर फरक सापडला नाही. त्याच वर्षी आंजेल फर्नांडेझ आणि आर्थर ग्लेनबर्ग यांनी आठ प्रयोगांची मालिका प्रसिद्ध केली आणि परिसर बदलल्याने स्मृतीवर भरवशाचा परिणाम होत नाही असे शीर्षकातच लिहिले. इथे गंमत अशी की हेच ग्लेनबर्ग 1978 च्या एका गाजलेल्या, परिणाम दाखवणाऱ्या अभ्यासाचे सहलेखक होते. आपल्याच निष्कर्षावर फिरून प्रश्नचिन्ह लावणारे या क्षेत्रात ते एकटे नाहीत. दुसरे उदाहरण पुढे येईल.

1978 च्या त्या अभ्यासातला एक भाग मात्र आजही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. स्टीव्हन स्मिथ, ग्लेनबर्ग आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी काहींना एकच यादी दोनदा एकाच खोलीत पाठ करायला दिली, काहींना दोन वेगळ्या खोल्यांत. मग सगळ्यांना तिसऱ्याच खोलीत आठवायला सांगितले. दोन खोल्यांत अभ्यास केलेल्यांना 40 पैकी सरासरी 24 च्या वर शब्द आठवले, एकाच खोलीतल्यांना 16 च्या आत. अभ्यासाची जागा ठरलेली हवी हा घरोघरचा उपदेश एकाग्रतेसाठी ठीक असेल. नव्या जागी आठवण्यासाठी तो तितकासा उपयोगी दिसत नाही.

आवाजाचाही असाच प्रश्न. 1998 मध्ये हॅरी ग्रँट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला, काहींना शांततेत, काहींना उपाहारगृहातल्या गोंगाटाचे ध्वनिमुद्रण लावून. वाचताना आणि उत्तरे देताना आवाजाची स्थिती जुळली तर गुण जास्त आले. परीक्षा शांततेत होते, तेव्हा निदान अभ्यासाचा काही भाग गाण्यांविना व्हावा, एवढाच याचा अर्थ.

कुठे दिसतो, कुठे दिसत नाही

इतकी परस्परविरोधी साक्ष जमल्यावर 2001 मध्ये स्मिथ आणि एडवर्ड व्हेला यांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. परिसराचा परिणाम खरा आहे, पण लहान आहे. संख्याशास्त्रात परिणामाचा आकार ज्या मापाने सांगतात त्यावर तो सुमारे 0.28 भरला, म्हणजे ‘लहान’ आणि ‘मध्यम’ यांच्या मध्ये, लहानाकडे झुकलेला. पाणबुड्यांच्या प्रयोगाइतका ठळक फरक हा अपवाद होता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे परिणाम केव्हा मावळतो हे त्यांनी दाखवले. शिकताना माणसाचे लक्ष मजकुरातल्या अंतर्गत संबंधांत गुंतले असेल तर खोलीकडे त्याचे ध्यानच जात नाही. आठवताना हाताशी चांगल्या खुणा असतील तर खोलीची खूण फिकी पडते. बर्कलीच्या विद्यार्थ्यांना फरक का पडला नाही, याचे हेच संभाव्य उत्तर आहे. प्रश्नपत्रिकेतला प्रश्न ही खोलीपेक्षा कितीतरी तगडी खूण असते. सुट्या, असंबद्ध शब्दांच्या यादीला मात्र जागेवाचून दुसरा आधारच नसतो.

मधे बराच काळ गेला असेल तर परिसर जास्त कामाला येतो, असेही त्या हिशेबातून दिसले. आणि मूळ जागी न जाता ती जागा मनात उभी केली तरी बराचसा फायदा मिळतो. हे स्मिथ यांनी 1979 मध्येच दाखवले होते: शिकलेल्या खोलीचे चित्र आधी मनात आणा, मग आठवा, एवढ्या सूचनेने दुसऱ्या खोलीत बसलेल्यांचे नुकसान जवळपास भरून निघाले.

सैद्धान्तिक बाजूने सर्वांत प्रभावी ठरले ते एंडेल टल्व्हिंग आणि डोनल्ड थॉमसन यांनी 1973 मध्ये मांडलेले तत्त्व. अनुभव मनात नोंदला जाताना त्याच्यासोबत जे नोंदले गेले तेच पुढे त्याला परत आणू शकते, असे ते सांगते. जुळणी जितकी जास्त तितकी आठवण सोपी, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. 2002 मध्ये जेम्स नेर्न यांनी याला हरकत घेतली. त्यांच्या मते नुसती जुळणी कामाची नाही; ती खूण एकाच आठवणीकडे बोट दाखवते की शंभरांकडे, हे निर्णायक. एका खुंटीला चाळीस सदरे अडकवले तर खुंटी सापडूनही हवा तो सदरा हाती येत नाही. वर्गखोलीचे तसेच आहे: तिच्यात वर्षभर सगळे विषय शिकवले गेलेले असतात.

नेर्न यांच्या बाजूने एक चांगला पुरावा 2010 साली आला. स्मिथ आणि मान्झानो यांनी शब्द पडद्यावर दाखवताना मागे निरनिराळ्या ठिकाणांच्या चित्रफिती चालू ठेवल्या. एका चित्रफितीवर मोजकेच शब्द असतील तर ती पुन्हा दाखवल्यावर होणारा फायदा खूप मोठा होता, शब्द वाढवले की तो कमी होत गेला. परिसराचा परिणाम ‘लहान’ असतो हे विधान म्हणूनच जरा जपून करायला हवे.

बाळांच्या बाबतीत तर तो मुळीच लहान नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला फीत बांधून ती पाळण्यावरच्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळे पटकन शिकली आणि काही दिवस लक्षातही ठेवत राहिली. पाळण्याच्या आतल्या कडेचे नक्षीदार कापड बदलले, तेव्हा तेच खेळणे समोर असूनही ती अनोळखी असल्यासारखी पडून राहिली. मोठ्यांना जागेपासून सुटी करून आठवण वापरता येते. ही क्षमता वाढीबरोबर येत असावी.

मनःस्थिती: दोन प्रश्नांची गल्लत

जागेकडून मनाकडे वळताना एक फरक आधी स्पष्ट करायला हवा, कारण लोकप्रिय लेखनात तो सर्रास पुसला जातो. दुःखी माणसाला दुःखद गोष्टी जास्त आठवतात, हा एक दावा. इथे मनःस्थिती आणि आठवणीतला आशय जुळतो. दुसरा दावा वेगळा आहे: दुःखात असताना शिकलेली कोणतीही गोष्ट, अगदी रुक्ष शब्दयादीसुद्धा, पुन्हा दुःखात असताना जास्त आठवते. इथे जुळतात त्या शिकतानाची आणि आठवतानाची मनःस्थिती.

दुसऱ्या दाव्याचा उगम नशेच्या अभ्यासात आहे. दारू पिऊन ठेवलेली वस्तू शुद्धीवर आल्यावर सापडत नाही, पुन्हा प्यायल्यावर सापडते, अशा कथा एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेल्या आहेत. चार्ली चॅप्लिनच्या 1931 च्या ‘सिटी लाइट्स’मधला श्रीमंत गृहस्थ नशेत असतानाच ट्रॅम्पला मित्र म्हणून ओळखतो, तो याच समजुतीचा विनोदी आविष्कार. 1969 मध्ये डोनल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय शाखेच्या 48 विद्यार्थ्यांवर प्रयोग करून या कथांना काहीसा आधार दिला. आपणहून आठवण्याच्या कामात नशेची स्थिती जुळल्याचा फायदा झाला, चित्रे ओळखण्यात झाला नाही.

मग 1981 मध्ये स्टॅनफर्डच्या गॉर्डन बॉवर यांचा मनःस्थिती आणि स्मृती यांवरचा निबंध आला आणि हा विषय एकदम प्रकाशात आला. त्यांनी सुरुवातच रॉबर्ट केनेडींच्या मारेकऱ्यापासून, सिरहान सिरहानपासून केली. त्याला खुनाचा प्रसंग आठवत नव्हता. संमोहनाखाली त्याला तशाच प्रक्षुब्ध अवस्थेत नेल्यावर तो आठवू लागला, असे मनोविकारतज्ज्ञाचे म्हणणे होते. उदाहरण नाट्यमय आहे, पण पुरावा म्हणून कच्चे. खटल्याला सामोरा जाणारा आरोपी आणि संमोहन, या दोन्ही गोष्टी साक्षीची विश्वासार्हता घटवणाऱ्या. बॉवर यांचे प्रयोग त्याहून नेटके होते. संमोहनाने आनंदी किंवा दुःखी केलेल्या विद्यार्थ्यांनी दोन याद्या दोन मनःस्थितींत पाठ केल्या. जुळत्या मनःस्थितीतल्या यादीचा पाऊण हिस्सा सहज आठवला, न जुळत्या यादीचा निम्माही नाही.

बॉवर यांनी स्पष्टीकरणही दिले. भावना म्हणजे स्मृतीच्या जाळ्यातली एक गाठ. ती हलली की तिला जोडलेले सगळे प्रसंग हलतात. कल्पना देखणी होती. पण पुढे इतरांना ते निष्कर्ष मिळेनात, आणि 1985 मध्ये जॉन मेयर यांच्यासह स्वतः बॉवर यांनीच आपल्याला पुनरावृत्ती जमली नसल्याचे प्रसिद्ध केले. विज्ञानात याहून मोठी शालीनता क्वचित दिसते.

पहिला दावा मात्र बऱ्यापैकी टिकला. नैराश्य जितके गडद तितक्या अप्रिय आठवणी लवकर येतात, असे जेफ्री लॉइड आणि विल्यम लिशमन यांना 1975 मध्येच दिसले होते. नैराश्यातला माणूस मुळातच जास्त दुःख भोगून आलेला असेल, ही यावरची रास्त शंका. डेव्हिड क्लार्क आणि जॉन टीसडेल यांनी 1982 मध्ये ती चतुराईने दूर केली. ज्यांचे नैराश्य दिवसाच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त होते असे रुग्ण त्यांनी निवडले. माणूस तोच, आयुष्य तेच. मन जास्त खचलेले असताना दुःखद आठवणी वाढत, हलके असताना सुखद. टीसडेल यांनी यातच नैराश्याचे दुष्टचक्र पाहिले: उदासी वाईट आठवणी आणते, त्या आठवणी उदासी वाढवतात.

तरी इथेही सरळ नियम हाती येत नाही. 1990 मध्ये जेरॉड पॅरट आणि जॉन सबिनी यांना नेमके उलटे दिसले. प्रयोगाचा हेतू मनःस्थितीशी जोडलेला आहे हे लोकांना कळले नाही, तेव्हा उदास मनःस्थितीत त्यांना सुखद आठवण आधी येत होती. माणूस आपला मूड सावरायला आठवणींचा उपयोग करतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. आणि गंभीर नैराश्यात प्रश्न आशयाचा न राहता तपशिलाचाही होतो. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी 1986 मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांना एखादा ठरावीक प्रसंग आठवायला सांगितले, तर उत्तरे बहुधा ‘मी फिरायला जायचो तेव्हा बरं वाटायचं’ अशा घाऊक धाटणीची आली. अमुक दिवस, अमुक वेळ त्यांना पकडता येत नव्हती.

जागेच्या आड लपलेले मन

दोन वेगळ्या खात्यांना जोडणारे काम व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले एरिक आइक यांनी केले, आणि या आढाव्यात सर्वांत जास्त वजन द्यावे असे तेच आहे. मनःस्थितीवर अवलंबून असलेली स्मृती कधी दिसते, कधी नाही, याच्या अटी त्यांनी शोधल्या. जॅनेट मेटकाफ यांच्यासोबतच्या 1989 च्या प्रयोगात काही शब्द लोकांनी नुसते वाचले, काही त्यांना स्वतः सुचवायला लावले. स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या शब्दांवर मनःस्थितीचा शिक्का जास्त खोल उमटलेला आढळला. भावना खरीखुरी आणि तीव्र असावी लागते, आणि आठवणे कुणाच्या मदतीविना, आपल्या आपण व्हावे लागते, या आणखी दोन अटी.

1995 मध्ये आइक यांनी हाच मुद्दा जागेला लावला. दोन जागा दिसायला किती सारख्या आहेत याला फारसे महत्त्व नव्हते. त्या जागी माणसाला किती सारखे वाटते, यावर आठवण ठरत होती. जागा वेगळी पण मनाचा रंग तोच, तर नुकसान नाही. जागा तीच पण मन वेगळे, तर नुकसान. हे बरोबर असेल तर ओबानच्या थंड समुद्रात गोते खाणाऱ्या पाणबुड्यांबद्दलही नव्याने विचार करावा लागेल. पाण्याखाली आणि काठावर त्यांचा फक्त परिसर वेगळा होता, की धाकधूकही?

भाषा हाही असाच एक अंतर्गत परिसर ठरतो. व्हिओरिका मॅरियन आणि अल्रिक नायसर यांनी 2000 मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियनभाषकांना रशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून मुलाखत घेऊन आयुष्यातले प्रसंग विचारले. रशियनमध्ये विचारले की रशियनमध्ये घडलेले प्रसंग जास्त येत, इंग्रजीत विचारले की इंग्रजीतले. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबांत आजीशी बोलताना नातवंडांना काय आठवते आणि शाळेत काय, हे तपासायला हीच पद्धत सहज लावता येईल.

साक्षीदार आणि रुग्ण

प्रयोगशाळेबाहेर या संशोधनाचा सर्वांत भक्कम उपयोग पोलीस तपासात झाला आहे. एडवर्ड गायझलमन आणि रोनल्ड फिशर यांनी 1980 च्या दशकात साक्षीदाराची मुलाखत घेण्याची एक पद्धत घडवली. तिची पहिली पायरी म्हणजे साक्षीदाराला घटनास्थळ मनात उभे करायला लावणे: उजेड कसा होता, आवाज कोणते होते, वास कसला होता, त्या क्षणी मनात काय चालले होते. मग क्षुल्लक वाटणारेही सगळे सांगायचे, शेवटाकडून सुरुवातीकडे सांगून पाहायचे, दुसऱ्या जागेवरून पाहिल्यासारखे सांगायचे. पुढच्या एकत्रित अभ्यासांत या पद्धतीने अचूक तपशिलांची संख्या बरीच वाढलेली दिसली, चुकांची थोडी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1990 च्या दशकापासून पोलिसांच्या प्रशिक्षणात तिचा समावेश आहे. अडचण वेळेची आहे. घाईत असलेला अधिकारी नेमकी पहिलीच पायरी गाळतो.

उपचारांच्या बाजूला चित्र कमी दिलासादायक आहे. व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बूटन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेली भीती दुसऱ्या पेटीत हळूहळू घालवली, तरी प्राण्याला पहिल्या पेटीत परत ठेवताच ती परतते. भीती पुसली जात नाही. ‘आता भिण्याचे कारण नाही’ हा नवा धडा तेवढा शिकला जातो, आणि हा धडा जुन्या भीतीपेक्षा जागेला जास्त चिकटलेला असतो. दवाखान्यात कुत्र्याची भीती गेलेल्या माणसाला गल्लीत ती पुन्हा का गाठते, याचे एक कारण इथे आहे. म्हणून सराव वेगवेगळ्या जागी करून घ्यावा, असे आता अनेक उपचारक मानतात.

वाद जिथे अडला आहे

पहिला अडथळा मुळातला आहे. ‘परिसर’ म्हणजे नेमके काय? खोली, पर्यवेक्षक, वास, पार्श्वसंगीत, पडद्याचा रंग, दारूचा अंमल, भाषा, मनःस्थिती, सगळे या एकाच नावाखाली मोजले गेले आहे. वासाचे उदाहरण घ्या. यॉर्कमधल्या योर्विक व्हायकिंग संग्रहालयात त्या काळचे वास मुद्दाम निर्माण केलेले असतात. जॉन ॲगलटन आणि लुईझ वॅस्केट यांनी 1999 मध्ये काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेल्यांना तेच वास देऊन प्रश्न विचारले. वास होते तेव्हा जास्त आठवले. परिणाम खराच. पण दुर्मीळ, विचित्र वासाचे सामर्थ्य आणि वर्गखोलीच्या भिंतीचे सामर्थ्य एकाच सरासरीत घालून काय कळणार?

दुसरा अडथळा पुनरावृत्तीचा. घरात उंबरा ओलांडला की कशासाठी आलो ते विसरते, या सार्वत्रिक अनुभवाला गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी प्रयोगांनी आधार दिला होता. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाला तो परिणाम एरवी दिसला नाही, डोक्यावर आधीच इतर कामाचा ताण असतानाच दिसला. म्यूरे यांचा फसलेला प्रयोगही त्याच वर्षीचा. जुने अभ्यास मोजक्या माणसांवरचे, आणि न मिळालेल्या परिणामांचे निबंध छापले जाण्याची शक्यता कमी. तेव्हा सरासरीचा आकडा खरा किती, यावर आजही एकमत नाही.

मेंदूविज्ञानाने एक बाजू बळकट केली आहे. जागेनुसार चेतणाऱ्या पेशी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात असतात, हे जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये दाखवले. 2014 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. 2013 मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत विद्युतअग्रे बसवलेल्या रुग्णांनी संगणकावरच्या एका गावात वस्तू पोहोचवण्याचा खेळ खेळला. नंतर त्या वस्तू नुसत्या आठवताना, वस्तू दिली त्या जागेच्या पेशी पुन्हा चेतल्या. वस्तूबरोबर जागाही नोंदली जाते, याबद्दल आता फारसा वाद नाही. ती नोंद आठवायला मदत किती करते, हा प्रश्न मात्र तिने सुटत नाही.

सध्या नजरा आभासी वास्तवाकडे आहेत, कारण तिथे पाण्याखालचे जग खोलीत बसून उभे करता येते. 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाला तिथे काहीही परिणाम आढळला नाही. 2021 मध्ये दुसऱ्या गटाला मंगळ आणि पाण्याखाली अशा दोन आभासी जगांत तो आढळला. 2022 मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एसो आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वाहिली आणि चिन्यांजा या दोन आफ्रिकी भाषांतले शब्द शिकवले, काहींना दोन्ही एकाच आभासी जगात, काहींना प्रत्येक भाषा वेगळ्या जगात. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा समोर कुठलेच आभासी जग नव्हते. वेगळ्या जगांत शिकलेल्यांनी 92 टक्के शब्द राखले होते, एकाच जगात शिकलेल्यांनी 76 टक्के. पण हा फरक सगळ्यांत दिसला नाही. ज्यांना शिकताना आपण खरोखरच त्या जगात आहोत असे वाटले होते, त्यांच्यातच तो होता.